जुन्या आणि आयात गाड्यांचं अंडररायटिंग: प्रपोजलपासून रिन्युअलपर्यंत

अंडररायटिंग म्हणजे विमा द्यायचा का, कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर, हे ठरवणं. जुन्या गाडीचं प्रपोजल, म्हणजे विम्याचा अर्ज, टेबलावर आलं की पहिला प्रश्न हमखास ठरलेला: "किती वर्षांची आहे?" आयात गाडी असली की, "किंमत काय?" विचारायला हरकत नाही, पण एवढ्या दोन उत्तरांवर दर काढायला बसलात तर गणित पहिल्याच ओळीत तिरपं जातं. या गाड्यांमधला खरा धोका विमा रक्कम आणि दुरुस्तीचा खर्च यांच्यातल्या फारकतीत असतो. जुन्या गाडीत ही फारकत दरवर्षी थोडी थोडी वाढते. आयात गाडीत ती पहिल्या दिवसापासून हजर असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही फारकत मोजण्यासाठी आणि तिचा पैसा योग्य जागी लावण्यासाठी आहेत.

आधी एक साधा हिशेब करू. चलन कोणतंही धरा. नवी गाडी १०,००,००० ची, ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, दर २ टक्के, प्रीमियम २०,०००. काही वर्षांनी त्याच मॉडेलची बाजारातली किंमत उरली २,००,०००. दर तोच ठेवला तर प्रीमियम ४,०००. आता दोन्ही गाड्यांना पुढच्या कोपऱ्यावर सारखीच धडक बसली: बंपर, हेडलॅम्प, फेंडर, रेडिएटर, रंगकाम, मजुरी मिळून ८०,०००. नव्या गाडीत हा क्लेम विमा रकमेच्या ८ टक्के, जुनीत ४० टक्के. धडक थोडी जोरात बसून एअरबॅग उघडली आणि बिल १,६०,००० वर गेलं, तर नवी गाडी गॅरेजमधून दुरुस्त होऊन बाहेर पडते आणि जुनी थेट टोटल लॉसमध्ये, म्हणजे पूर्ण नुकसानीत, जाते, कारण दुरुस्तीचा अंदाज विमा रकमेच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास पोचला की दुरुस्त करण्यात अर्थ नाही असं बहुतेक कंपन्या धरतात.

बंपरला गाडीचं वय कळत नाही. तो आजच्या भावानेच येतो. चोरी, आग आणि पूर्ण नुकसान यांचा खर्च किमतीबरोबर उतरतो. किरकोळ आणि मध्यम अपघातांचा खर्च जवळपास जागेवर राहतो. थर्ड पार्टीची जबाबदारी तर किमतीशी कुठेच बांधलेली नाही. पंचवीस वर्षांच्या गाडीने पादचाऱ्याला उडवलं म्हणून नुकसानभरपाई कमी होत नाही. एका दरात हे तीन वेगळे स्वभाव कोंबले की जुन्या गाड्यांचं बुक (सगळ्या पॉलिसी मिळून) हळूहळू तोट्यात का जातं हे वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही.

पायरी १: गाडी नेमकी कोणती, हे आधी ठरवा

हे वाचून हसू येईल, पण आयात गाड्यांमध्ये निम्मे घोळ इथेच असतात.

आयएसओ ३७७९ या मानकानुसार गाडीचा ओळख क्रमांक, म्हणजे व्हिन, १७ अक्षरी असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. कागदावर ओ दिसला तर टायपिंगची चूक आहे किंवा कागद बनावट आहे. पहिल्या तीन अक्षरांवरून उत्पादक कळतो: जे ने सुरू होणारा जपानचा, डब्ल्यू ने जर्मनीचा. अमेरिकेत १९८१ पासून हा १७ अक्षरी क्रमांक सक्तीचा झाला. उत्तर अमेरिकेच्या गाड्यांमध्ये नववं अक्षर पडताळणीचं असतं आणि दहावं मॉडेल वर्षाचं. हे वर्षाचं अक्षर दर तीस वर्षांनी परत येतं; ए म्हणजे १९८० आणि ए म्हणजेच २०१०. तिथल्या प्रवासी गाड्यांमध्ये सातवी जागा पाहायची: अंक असेल तर जुनं चक्र, अक्षर असेल तर २०१० नंतरचं. युरोपात दहाव्या जागी वर्ष लिहिण्याची सक्ती नाही, त्यामुळे युरोपीय गाडीचं वय व्हिनवरून बिनधास्त काढू नका.

खरी मेख जपानमध्ये आहे. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या गाड्यांना १७ अक्षरी व्हिन नसतोच. त्यांना फ्रेम नंबर असतो: आधी मॉडेलचा कोड, मग डॅश, मग अनुक्रमांक. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये सतरा रकाने असतात आणि रिकामे रकाने ते स्वीकारत नाही. मग एंट्री करणारा काय करतो? पुढे शून्यं लावतो, डॅश काढून टाकतो, किंवा आयातदाराचा इन्व्हॉइस नंबर चिकटवून सतरा पूर्ण करतो. पॉलिसी निघते. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) बॉनेट उघडून नंबर वाचतो, तो पॉलिसीशी जुळत नाही, आणि प्रामाणिक मालक संशयित ठरतो. तेव्हा फ्रेम नंबर जसा कोरलाय तसाच लिहा. सिस्टीम घेत नसेल तर तो एंडोर्समेंटमध्ये (पॉलिसीला जोडलेल्या पुरवणीत) शब्दशः उतरवा आणि प्लेटचा स्पष्ट फोटो फाइलला जोडा.

मग वर्ष. आयात गाडीला तीन तारखा असतात: उत्पादनाची, मूळ देशातल्या पहिल्या नोंदणीची आणि नव्या देशातल्या नोंदणीची. २०१२ ला बनलेली, तिकडे २०१३ ला नोंदलेली गाडी २०१९ ला बोटीतून उतरली तर तिच्या नव्या कागदावर ठळक दिसतं ते २०१९. अंडररायटिंगसाठी उत्पादनाचं वर्षच धरायचं. शंका आली तर सीटबेल्ट पूर्ण ओढून खालचं लेबल पाहा. त्यावर बहुधा उत्पादनाची तारीख असते. काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा एकमेकींशी ताडून पाहा. चार काचा एका सालच्या आणि पाचवी वेगळी, तर ती बदललेली आहे. का बदलली, हे विचारायचं.

शेवटी व्हेरियंट. एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या देशांत वेगळं इंजिन, वेगळे दिवे आणि कमी-जास्त एअरबॅग घेऊन विकली जाते. नाव ओळखीचं आहे म्हणून स्थानिक मॉडेलचा कोड लावणं हा सगळ्यात महाग शॉर्टकट.

पायरी २: तिचा मागचा जन्म शोधा

दुसऱ्या देशात अपघातात सापडलेली किंवा पुरात बुडालेली गाडी सीमा ओलांडताना बऱ्याचदा स्वच्छ होऊन येते, कारण नव्या देशाच्या नोंदणी फॉर्मवर तो इतिहास लिहायला रकानाच नसतो. म्हणून मूळ देशाचा कागद मागायचाच. अमेरिकेत विमा कंपनीने टोटल लॉस केलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर सॅल्व्हेज आणि दुरुस्तीनंतर रिबिल्ट असा शिक्का येतो. मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोंदणी फिरवून तो शिक्का धुऊन काढण्याचा धंदाही तिथे जुना आहे. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग आहेत. ए म्हणजे सगळी गाडी भंगार. बी म्हणजे सुटे भाग वापरता येतील पण सांगाडा चिरडायचा. एस म्हणजे सांगाड्याला इजा पण दुरुस्ती शक्य. एन म्हणजे सांगाडा शाबूत. बी वर्गातली गाडी सगळीच्या सगळी तुमच्यासमोर उभी असेल तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही.

जपानी गाडीबरोबर लिलावाचा ताव, म्हणजे लिलावात गाडीची स्थिती नोंदवणारा कागद, येतो. त्यावर गाडीची आकृती असते आणि प्रत्येक पत्र्यावर खुणा: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा, दोन एक्स म्हणजे बदललेला पत्रा. श्रेणीच्या जागी आर किंवा आरए असेल तर अपघातानंतर दुरुस्त झालेली गाडी. वाचायला शिका, तासाभराचं काम आहे. पण आयातदाराने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. हे ताव सर्रास बदलले जातात. चॅसिस नंबरवरून मूळ नोंद स्वतंत्रपणे काढून घ्यायची. जपानच्या निर्यात प्रमाणपत्रावर ओडोमीटरचे आकडे छापलेले असतात, ते आजच्या आकड्याशी ताडा. आणि आकडा मैलांत आहे की किलोमीटरमध्ये, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका: ८०,००० मैल म्हणजे सुमारे १,२८,७०० किलोमीटर. डायल बदललेल्या गाड्यांत ही गल्लत कुणी मुद्दाम न करताही होते.

रिकॉल हा भाग बहुतेक जण गाळतात. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅग इन्फ्लेटरांसाठी जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. उत्पादक पत्र पाठवतो ते मूळ देशातल्या नोंदणीकृत मालकाला. गाडी दुसऱ्या खंडात गेली की ते पत्र कुणालाच मिळत नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून रिकॉल झालंय का ते तपासा आणि राहिलं असेल तर ते करून आणण्याची अट घाला. गाडीत बसणाऱ्यांचं कव्हर देत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं.

पायरी ३: प्रत्यक्ष पाहणी

चार बाजूंचे चार फोटो म्हणजे पाहणी नव्हे. जुन्या गाडीत गंज वरच्या रंगात नसतो. दारांखालच्या पट्टीत, जॅक लावायच्या जागी आणि पुढच्या सस्पेन्शनच्या बुरुजांपाशी असतो. पुरातून आलेली गाडी आतून धुऊन सुगंधी करून आणतात. त्यामुळे सीटच्या रुळांमधला गाळ, बेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर दिसणारी पाण्याची रेघ आणि स्टेपनीचा खड्डा बघायचा.

किल्ली फिरवून इंजिन सुरू करायच्या आधीचा डॅशबोर्डचा छोटा व्हिडिओ घ्या. एअरबॅगचा लाल दिवा आधी लागायला हवा आणि काही सेकंदांत विझायला हवा. विझला नाही तर बिघाड आहे हे कुणीही सांगेल. पण जो दिवा मुळात लागतच नाही, तिथे बल्ब काढलेला असतो किंवा सर्किटला बगल दिलेली असते, आणि बऱ्याचदा स्टिअरिंगच्या आत एअरबॅगच नसते. हा दहा सेकंदांचा व्हिडिओ मी वीस फोटोंपेक्षा वर ठेवतो.

आगीसाठी इंधनाच्या रबरी नळ्या आणि नंतर ओढलेल्या तारा पाहा. जुन्या नळ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत; त्या कडक होतात, चिरतात आणि गरम इंजिनवर ठिबकतात. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल मुख्य पेट्रोल म्हणून आणलं तेव्हा जुन्या गाड्यांच्या मालकांना वेगळा सल्ला द्यावा लागला, तो याचसाठी. नळ्या बदलल्याचं बिल मागा. खर्च किरकोळ असतो, त्यामुळे मालकही सहसा कुरकुर करत नाही.

पायरी ४: मूल्य ठरवणं, आणि इथे घाई नको

नेहमीची घसारा सारणी (वयानुसार किंमत किती घटवायची त्याचा तक्ता) साध्या, वापरातल्या गाडीला पाच-सात वर्षांपर्यंत बरी चालते. त्यापुढे ती अंदाज म्हणूनही कच्ची. गाडीच्या किमतीची रेघ आधी उतरते, बराच काळ तळाशी रेंगाळते, आणि काही मोजक्या मॉडेलांसाठी पुन्हा वर चढते. सारणीला हा चढ माहीत नसतो.

हा चढ कशाने येतो, तेही बघा. अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेली परदेशी गाडी तिथल्या सुरक्षा मानकांतून सूट मिळून आत येऊ शकते. कॅनडात हीच मर्यादा १५ वर्षं. निसान स्कायलाइन जीटी-आर चं १९८९ चं मॉडेल २०१४ मध्ये अमेरिकेसाठी खुलं झालं, आणि चांगल्या गाड्यांना जगभर मागणी आली. म्हणजे एका देशाच्या नियमाने भलत्याच देशातल्या गॅरेजमध्ये उभ्या गाडीची किंमत वाढवली. अशा गाडीला सारणीने मूल्य लावलंत तर मालक अंडरइन्शुअर्ड (खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा असलेला) राहतो आणि क्लेमच्या वेळी भांडण ठरलेलं.

पॉलिसी दोन तऱ्हेची निघते. बाजारमूल्याच्या पॉलिसीत नुकसानीच्या दिवशीची किंमत मिळते. ॲग्रीड व्हॅल्यूमध्ये दोघांनी आधी मान्य केलेला आकडा मिळतो. हौशी, जपलेल्या, बाजारात क्वचित दिसणाऱ्या गाडीला ॲग्रीड व्हॅल्यू द्यायची. रोज ऑफिसला जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या सेदानला कधीच नाही. रेषा कुठे ओढायची असा प्रश्न पडला तर फिवा या ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची व्याख्या हाताशी ठेवा: किमान तीस वर्षं जुनी, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरलेली. तीनही गोष्टी हव्यात. नुसतं म्हातारपण पुरेसं नाही.

ॲग्रीड व्हॅल्यू देताना तुलनेसाठी विकल्या गेलेल्या गाड्यांचे भाव घ्या. जाहिरातीतला भाव ही मालकाची इच्छा असते. रिस्टोरेशनची बिलंही मूल्य म्हणून धरू नका. गाडीवर पाच लाख खर्च केले म्हणून तिची किंमत पाच लाखांनी वाढत नाही, आणि हे मालकाला समजावणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक संभाषण आहे. आकडा चढवून दिलात तर ज्याला गाडीपेक्षा पैसे बरे वाटतात असा विमेदार तुम्ही स्वतः तयार करता. मूल्यांकनाला तारीख घाला आणि ते फार तर दोन वर्षं चालेल असं लिहा.

आयात गाडीत आणखी एक प्रश्न: विमा रकमेत आयात शुल्क धरलंय का? शुल्क भरलेल्या गाडीची रक्कम शुल्कासकट असायला हवी, नाहीतर चोरीनंतर मालकाला तशी गाडी पुन्हा घेता येणार नाही. शुल्कमाफीवर किंवा तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या गाडीचं उलटं. टोटल लॉस दिला तर सॅल्व्हेज, म्हणजे उरलेली मोडकी गाडी, तुमच्या गळ्यात पडतं, आणि शुल्क भरल्याशिवाय ते स्थानिक बाजारात विकता येत नाही. सॅल्व्हेजमधून येणाऱ्या रकमेवर हिशेब बांधला असेल तर तो तिथेच कोलमडतो.

पायरी ५: पाच भागांची चाचणी

एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा.

पाच भाग निवडा: पुढचा बंपर, एक हेडलॅम्प, पुढची काच, एक दार आणि एअरबॅग किंवा तिचं नियंत्रण करणारं मॉड्यूल. प्रत्येकासाठी तीन गोष्टी लेखी काढा. भाग मिळतो का आणि कुठून, हातात पडेपर्यंतचा सगळा खर्च किती, आणि किती दिवसांत. हातात पडेपर्यंतचा म्हणजे वाहतूक, शुल्क आणि चलनाचा आजचा भाव धरून. मग पाचांची बेरीज विमा रकमेने भागा.

कंपनीचा स्वतःचा अनुभव नसेल तोवर मी ढोबळपणे असं धरतो: बेरीज विमा रकमेच्या पाचव्या हिस्स्याखाली असेल तर नेहमीसारखी केस, तिसऱ्या हिस्स्यापर्यंत गेली तर लोडिंग (जादा प्रीमियम) आणि मोठा एक्सेस (क्लेममधला मालकाने सोसायचा वाटा), अर्ध्याच्या पलीकडे गेली तर किरकोळ अपघातही टोटल लॉस होणार, तेव्हा पूर्ण कव्हर द्यायचंच कशाला? त्या गाडीला थर्ड पार्टी, आग आणि चोरी एवढंच विकावं. हे आकडे तुमच्या क्लेम फायलींनुसार हलवा. पण चाचणी केल्याशिवाय कव्हर देऊ नका.

आकड्यांपेक्षा "किती दिवसांत" या रकान्याकडे जास्त बारकाईने बघा. हेडलॅम्प नऊ आठवड्यांनी येणार असेल तर नऊ आठवडे गाडी गॅरेजमध्ये अडकते, गॅरेज जागेचं भाडं लावतं, बदली गाडीचं कव्हर असेल तर तेही चालू राहतं, आणि मालक रोज फोन करतो. सर्व्हेअरवर दबाव येतो की भाग दुरुस्त होण्यासारखा असला तरी टोटल लॉस करून टाका.

एका नियमाला मात्र अपवाद ठेवावा लागेल: जुनी म्हणजे भाग मिळत नाहीत, हे दर वेळी खरं नाही. माझदाने पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी, निसानने स्कायलाइन जीटी-आर साठी, टोयोटाने सुप्रासाठी बंद पडलेले भाग पुन्हा बनवायला घेतले. पोर्शेचा तर जुन्या गाड्यांच्या भागांचा वेगळा विभागच आहे. उलट आठ वर्षांची, थोड्याच विकल्या गेलेल्या मॉडेलची आयात गाडी भागांच्या बाबतीत त्यांच्यापेक्षा जास्त अनाथ असते.

काचेचं वेगळं सांगायला हवं. जुन्या हिशेबात पुढची काच हा किरकोळ क्लेम होता. आता काचेमागे कॅमेरा असतो, आणि काच बदलली की तो पुन्हा जुळवावा लागतो. ग्रे मार्केटमधून (अधिकृत डीलरला वगळून) आलेल्या गाडीला ही सोय देणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअरचा परवाना स्थानिक गॅरेजकडे नसला तर अधिकृत डीलरही हात वर करतो, कारण गाडी त्याने विकलेली नाही. काचेचं ॲड-ऑन (जादा कव्हर) आयात गाडीला जसंच्या तसं देऊ नका.

वापरलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये पाचव्या भागाच्या जागी बॅटरी धरा. निसान लीफ २०१० च्या अखेरीपासून विकली जाते. तिच्या जुन्या गाड्या जपानमधून इतरत्र मोठ्या प्रमाणावर गेल्या. अशा गाडीची बॅटरी उरलेल्या गाडीपेक्षा महाग असू शकते. खालून दगड लागला, बॅटरीच्या कवचाला खोक पडली आणि ती सुरक्षित आहे असं लिहून द्यायला कुणी तयार नसेल, तर तो टोटल लॉस. बॅटरीचा आरोग्य अहवाल प्रपोजलबरोबरच मागा, नाहीतर आधीच थकलेल्या बॅटरीचे पैसे अपघाताच्या नावाखाली मागितले जातील.

पायरी ६: चालवणारा आणि वापर

इथे थोडक्यात उरकतो, कारण हे प्रश्न तुम्ही एरवीही विचारता. फरक तीन ठिकाणी. पहिला, रोजच्या वापराची दुसरी गाडी घरात आहे का, हे विचारा. असेल तर हौसेची गाडी खरोखर कमी पळते. नसेल तर "फक्त रविवारी काढतो" यावर विश्वास ठेवू नका. दुसरा, स्टिअरिंगची बाजू. रस्त्याच्या बाजूशी न जुळणारं स्टिअरिंग असलं की ओव्हरटेक करताना चालकाला समोरचं उशिरा दिसतं, आणि हेडलॅम्पचा झोत चुकीच्या बाजूला उचललेला असल्यामुळे समोरच्याचे डोळे दिपतात. दिवे बदललेत का ते पाहा. स्टिअरिंगची बाजूच बदलून घेतली असेल तर ते काम कुणी केलं याचा कागद हवा. तिसरा, बदल. टर्बो, सस्पेन्शन, रुंद चाकं, गॅस किट, बदललेलं इंजिन: जे जाहीर केलं ते पॉलिसीत नावानिशी लिहा.

सुरक्षेच्या सोयी वर्षावरून ताडता येतात. युरोपात नव्या कारना इमोबिलायझर (योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) ऑक्टोबर १९९८ पासून सक्तीचा झाला, आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) सर्व नव्या गाड्यांना नोव्हेंबर २०१४ पासून. त्याआधीची गाडी असेल तर ही सोय आहे असं गृहीत धरू नका. इमोबिलायझर नसलेल्या गाडीला चोरीचं कव्हर देताना ट्रॅकरची अट घालणं वाजवी आहे.

पायरी ७: दर आणि अटी

दराचे तीन तुकडे वेगळे काढा. आग, चोरी, पूर्ण नुकसान यांचा हिस्सा विमा रकमेच्या टक्केवारीत. अंशतः नुकसानीचा हिस्सा पायरी ५ मधल्या बेरजेवर, ठोक रकमेत. थर्ड पार्टीचा हिस्सा गाडीची ताकद, चालक आणि वापर यांवर. अनुभवाचा डेटा नसलेल्या मॉडेलसाठी जवळचं मॉडेल निवडावं लागतं. ते बॅज पाहून निवडू नका, दुरुस्तीचा खर्च आणि इंजिनची ताकद पाहून निवडा.

एक्सेस टक्क्यात न ठेवता ठोक ठेवा. दोन लाखांच्या गाडीवर २ टक्के एक्सेस म्हणजे चार हजार, आणि तेवढ्यात आरसाही येत नाही. जिथे भागांवर घसारा कापायची पद्धत आहे तिथे जुन्या गाडीच्या बिलाचा मोठा वाटा आपसूक मालकाकडे जातो. म्हणून झिरो डेप्रिसिएशनचं (घसारा न कापण्याचं) ॲड-ऑन जुन्या गाडीला देणं म्हणजे ती उशी स्वतःहून काढून टाकणं.

पॉलिसीच्या शब्दरचनेत तीन कलमं चुकवू नका. भाग मिळत नसेल तर कंपनीची जबाबदारी उत्पादकाच्या शेवटच्या कॅटलॉगमधल्या किमतीपुरती आणि वाजवी बसवणावळीपुरती. हवाई मालवाहतुकीचा जादा खर्च वगळलेला. आणि बंपर, दार, फेंडर असे वापरलेले भाग बसवायला आधीच संमती. एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र वापरलेले चालणार नाहीत. "वाहन सुस्थितीत ठेवावे" असल्या मोघम अटीवर क्लेम नाकारायची स्वप्नं पाहू नका. ठरावीक काळाने यांत्रिक तपासणीचं प्रमाणपत्र सादर करायचं, असं स्पष्ट लिहा.

ॲग्रीड व्हॅल्यूच्या गाडीचा मालक टोटल लॉसनंतर गाडी स्वतःकडेच ठेवू इच्छितो. तो हक्क आणि त्यासाठी कापायची टक्केवारी पॉलिसीतच ठरवून टाका. आणि एकाच शेडमध्ये चार-पाच महागड्या गाड्या उभ्या राहत असतील तर त्या सगळ्यांची बेरीज रिइन्शुरन्सच्या (विमा कंपनीने स्वतःसाठी घेतलेल्या विम्याच्या) मर्यादेत बसते का, ते आधी पाहा.

पायरी ८: नकार

जिथे थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे तिथे नकार कशाला देता येतो आणि कशाला नाही, हे आधी पक्कं करा. बहुतेक वेळा प्रश्न फक्त ओन डॅमेजचा असतो. नाकारताना "गाडी जुनी आहे" असं लिहू नका. तो शेरा तक्रारीत टिकत नाही. "हेडलॅम्प आणि एअरबॅग मॉड्यूल उपलब्ध नाहीत, पाच भागांची बेरीज विमा रकमेच्या ६२ टक्के" असं लिहिलं तर एजंटलाही ग्राहकाला काहीतरी सांगता येतं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या अंडररायटरला तीच फाइल नव्याने उकरावी लागत नाही.

पायरी ९: रिन्युअल

ऑटो-रिन्युअलची खूण या गाड्यांवरून काढून टाका. दरवर्षी तीन गोष्टी नव्याने हव्यात: ओडोमीटरचा फोटो, पाच भागांचे ताजे भाव आणि मूल्याचा फेरविचार. चलन घसरलं तर भाग महागतात, विमा रक्कम मात्र गेल्या वर्षीचीच छापली जाते, आणि पायरी ५ मधलं गुणोत्तर गाडी जागची न हलताही बिघडतं. ॲग्रीड व्हॅल्यूचं मूल्यांकन मुदतीबाहेर गेलं असेल तर पॉलिसी आपोआप बाजारमूल्यावर येईल, असं कलम असू द्या. पण ते कलम लागू होण्याआधी मालकाला किमान दोन महिने लेखी कळवा, आणि कळवल्याची पोच फाइलमध्ये ठेवा.